खोकं उघडायलाच हवं होतं

आधी एक प्रश्न. तुमच्या घरी शोकेसमध्ये असा एक कपबशांचा सेट आहे का, जो ‘पाहुणे आले की काढू’ म्हणून ठेवलाय, आणि पाहुणे येऊन चहा पिऊन गेले तरी निघत नाही? असणारच. आमच्याकडे असे दोन आहेत. साताऱ्याला मामाकडे मात्र कपबशांच्या वरच्या फळीवर आणखी एक वस्तू होती. पुठ्ठ्याचं एक लांबोडकं खोकं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. (आजकाल खोकं म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात, पण हे खरोखरच पुठ्ठ्याचं.) त्यावर नाव होतं ‘जेंटल लेडी’ आणि बनवणाऱ्याचं नाव कार्ल गोल्डबर्ग मॉडेल्स, शिकागो. रेडिओ-कंट्रोलवर उडणाऱ्या ग्लायडरचं किट.

मामा १९८६ साली कंपनीच्या ट्रेनिंगसाठी सहा महिने अमेरिकेत होता. त्या काळी परत येताना लोक टेपरेकॉर्डर आणायचे. हा लाकडाच्या काड्या घेऊन आला. आजी म्हणाली होती म्हणे, “एवढ्या लांबून सरपण आणलंस होय रे?” उडवायला लागणारा रेडिओ तेव्हा त्याच्या पगारात बसत नव्हता. मग ‘रेडिओ घेतला की करू’ असं ठरलं. मग लग्न, मग मुलं, मग घराचं कर्ज, मग ‘रिटायर झालो की निवांत करू’. रिटायर झाला, तोवर डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेल्या वर्षी दिवाळीत त्याने खोकं माझ्या हातात दिलं. म्हणाला, “इंजिनिअर होतेयस ना, तूच घे. पण जपून हं.”

हे ‘जपून’ म्हणजे नक्की काय, यावरच माझा सगळा लेख आहे.

खोकं हॉस्टेलवर आलं आणि आमच्या विंगमध्ये (हॉस्टेलच्या विंगमध्ये, विमानाच्या नव्हे!) दोन पार्ट्या पडल्या. माझी रूममेट कॉम्प्युटरची. तिने रात्रभर नेटवर शोधून काढलं की न उघडलेल्या जुन्या किट्सना परदेशात गिऱ्हाईक असतं आणि खोकं एकदा फोडलं की किंमत गेली. “तू वेडी आहेस का? ठेव तशीच.” दुसरी पार्टी आमच्या मेकॅनिकलच्या पोरांची. त्यांचं म्हणणं जास्त हुशारीचं होतं. प्लॅन स्कॅन कर, कॅडमध्ये ड्रॉइंग काढ, लेझर कटिंगने नवीन पार्ट्स काप, ते विमान उडव आणि मामाचं खोकं मामाच्या फळीवर परत ठेव. दोन्ही हातांत लाडू! (‘जेंटल लेडी’ आणि मी यावरून जे विनोद झाले ते इथे छापण्यासारखे नाहीत. संपादक मंडळात दोन सर आहेत.)

खरं सांगते, या दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे तीन आठवडे उत्तर नव्हतं. खोकं माझ्या कपाटावर पडून होतं आणि मीही मामासारखंच ‘सबमिशन झालं की बघू’ म्हणायला लागले होते. ते माझं मलाच ऐकू आलं आणि मी दचकले.

मला वाटतं जपण्याचे दोन प्रकार आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. राइट बंधूंचं १९०३ चं विमान वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये आहे. ते कुणी उडवायला काढलं तर मी स्वतः आडवी पडेन, कारण ते जगात एकच आहे. पण इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ कलेक्शन म्हणून जागा आहे. तिथे १९०९ सालचं ब्लेरिओ विमान उडण्याजोगं ठेवलंय आणि वारा पडलेल्या संध्याकाळी ते धावपट्टीवर छोट्या उड्या मारतं. ते लोक काय त्या विमानाचे दुश्मन आहेत? मॉडेलच्या दुनियेतही अमेरिकेत ‘सोसायटी ऑफ अँटिक मॉडेलर्स’ नावाची संस्था १९४३ पूर्वीची डिझाइन्स पुन्हा बांधण्यासाठी आणि उडवण्यासाठीच स्थापन झाली. काचेत ठेवण्यासाठी नव्हे.

आणि किट तर त्याहून वेगळी गोष्ट. ती मुळात अर्धवट वस्तू आहे. रव्याचं पाकीट चाळीस वर्षं जपलं म्हणून त्याचा शिरा होत नाही. जेंटल लेडी ही १९८० च्या दशकात अमेरिकेत पुष्कळ लोकांची पहिली ग्लायडर होती, म्हणजे शिकाऊ माणसाने बांधावी, आपटावी, जोडावी आणि पुन्हा उडवावी म्हणून काढलेली. तिला दुर्मीळ कुणी केलं? न उघडणाऱ्यांनी नाही, ज्यांनी उडवून उडवून संपवली त्यांनी! मग नवीन पार्ट्स कापून वेगळं विमान बनवलं असतं तर ते माझं झालं असतं. मामाने घेतलेल्या काड्या मात्र काड्याच राहिल्या असत्या.

एका रविवारी ब्लेड घेतलं आणि प्लॅस्टिक कापलं. आतून जो वास आला तो मला अजून आठवतो. जुन्या पुस्तकांचा आणि लाकडाचा मिळून.

पोरांचा अर्धा सल्ला मी ऐकला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. प्लॅनचा कागद घड्यांवर पापडासारखा झाला होता, म्हणून आधी गावात जाऊन त्याची मोठ्या मशीनवर झेरॉक्स काढली. बांधकाम झेरॉक्सवर, ओरिजिनल नळीत गुंडाळून ठेवला. इथे एक धडा मिळाला. मोठी झेरॉक्स रोलरवरून ओढली जाते आणि लांबीत थोडी फसवते. मीटरभराच्या एका रेघेत पाच मिलिमीटर कमी भरले. दुकानदार म्हणाला, “ताई, एवढं चालतं.” नाही चालत. पार्ट्स खोक्यात आधीच ओरिजिनल मापाने कापलेले, ते पाच मिलिमीटर कुठे बसवू? ड्रॉइंगच्या सरांनी एफईला ‘प्रिंटवर स्केल लावून माप घेऊ नका’ असं शंभरदा सांगितलं होतं. तेव्हा आम्ही मागच्या बाकावर फुल्ली-गोळा खेळत होतो.

लाकूड बाल्साचं. हे मुख्यतः इक्वेडोरहून येतं. घनमीटरला साधारण १६० किलो, म्हणजे सागाच्या जेमतेम चौथा हिस्सा, आणि गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येने हे ‘हार्डवूड’! दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाच्या प्लायवूडमध्ये हेच भरलेलं होतं आणि आजच्या पवनचक्क्यांच्या पात्यांतही हे वापरतात. आमच्या वर्कशॉपच्या सुतारकाकांना एक शीट दाखवली. त्यांनी हातात तोलली, उन्हाकडे धरली आणि विचारलं, “हे लाकूड आहे का कुरडई?” पण पुढचे दीड महिने सगळ्यात जास्त मदत त्यांचीच झाली. मी रिब, स्पार असं म्हणायचे, काका बरगडी आणि कणा म्हणायचे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हे शब्द फक्त बायॉलॉजीत आणि तेही इंग्लिशमध्ये होते. खरं तर पंखाची रचना मला काकांच्या शब्दांनी जास्त लवकर कळली.

जुन्या किटमध्ये पार्ट्स डायने दाबून कापलेले असतात. डाय बोथट झाली की लाकूड कापलं जात नाही, चेचलं जातं. मॉडेल बनवणारे याला चिडून ‘डाय-क्रश्ड’ म्हणतात. अशा शीटमधून बरगडी अंगठ्याने ढकलून काढायची नसते, मागून ब्लेड फिरवून सोडवायची असते. हे मला दोन बरगड्या तुटल्यावर कळलं. त्या दोन मी नवीन शीटमधून कापल्या. त्या थोड्या पांढऱ्या दिसतात, बाकीच्या बिस्किटाच्या रंगाच्या झाल्या आहेत.

सॉफ्टबोर्ड म्हणून हॉस्टेलचा टाकून दिलेला नोटीस बोर्ड. त्यावर प्लॅन, प्लॅनवर पारदर्शक प्लॅस्टिक, नाहीतर विमान कागदालाच चिकटतं. त्यावर टाचण्या आणि फेव्हिकॉल. घाईच्या ठिकाणी फेव्हीक्विक. पावसाळा होता आणि बाल्सा पाणी पितं, त्यामुळे पंखाचा एक तुकडा रात्रीतून वाकडा व्हायचा. मग तो सपाट बोर्डवर ठेवून त्यावर थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक. त्या पुस्तकाचा मला झालेला हा सर्वात थेट उपयोग.

मात्र पंखाच्या टोकाला एक वाक मुद्दाम द्यावा लागतो. मागची कड थोडी वर उचललेली. त्याला वॉशआउट म्हणतात. कारण असं की वेग कमी झाला की पंख स्टॉल होतो, आणि टोक आधी स्टॉल झालं तर विमान एका बाजूला कोसळतं. टोकाला हवेशी कमी कोन दिला की मधला भाग आधी हार मानतो, विमान नाक खाली घालतं आणि स्वतःच सावरतं. आणखी एक गोष्ट. या ग्लायडरला एलेरॉन्स नाहीत. फक्त रडर आणि एलिव्हेटर, दोनच चॅनल. मग ते वळताना कलतं कसं? पंख टोकांकडे दोन टप्प्यांत वर उचललेले आहेत. रडरने नाक डावीकडे गेलं की उजव्या पंखाला हवा जास्त कोनात भिडते, तो उचलला जातो आणि विमान डावीकडे कलतं. एका हलणाऱ्या भागाने दोन कामं. आमच्या मशीन डिझाइनच्या पुस्तकात ‘साधेपणा’ हा शब्द आहे, त्याचा अर्थ मला या पंखावर हात फिरवताना कळला.

पंखावर फिल्म चढवायला इस्त्री लागते आणि लेडीज हॉस्टेलमध्ये इस्त्रीला बंदी! रेक्टर मॅडमना अर्ज लिहिला. ‘विमानाला इस्त्री करण्यासाठी’ असा विषय वाचून त्यांनी मला बोलावून घेतलं. शेवटी परवानगी मिळाली, पण त्यांच्या ऑफिसमध्ये, सहानंतर, त्यांच्या देखत. कमी तापावर फिल्म चिकटते, जास्त तापावर आवळते. पहिल्या दिवशी मॅडम पेपर वाचत बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी फिल्मचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं आणि “इकडे सुरकुती राहिली गं” असं मला सांगत होत्या. फिल्म पिवळी आणि आरपार दिसणारी घेतली, उन्हात सगळ्या बरगड्या दिसतात.

यानंतर एक अशी गोष्ट झाली की ती आमच्या ब्रँचच्या प्रत्येकाने ऐकावी. १९८० च्या दशकातले सर्व्हो मोठे, रिसीव्हर मोठा, चार निकेल-कॅडमियम सेलची बॅटरीच शंभर ग्रॅमच्या आसपास. हे सगळं पंखाच्या पुढे नाकात बसायचं. मी घातले आजचे नऊ-नऊ ग्रॅमचे सर्व्हो, पेढ्याएवढा रिसीव्हर, छोटी बॅटरी. खूश होते, केवढं वजन वाचवलं! पंखाखाली गुरुत्वमध्याच्या खुणेवर दोन बोटं लावून विमान उचललं तर शेपूट धाडकन खाली. डिझाइन करणाऱ्याने त्या बोजड वस्तूंचं वजन हिशेबात धरूनच नाक तेवढं आखूड ठेवलं होतं. शेवटी टायरवाल्याकडून चाक बॅलन्स करायच्या शिशाच्या पट्ट्या आणल्या आणि वाचवलेल्या वजनापैकी सत्तर ग्रॅम परत नाकात भरले. नवीन म्हणजे आपोआप चांगलं, हे माझं मत त्या दिवशी सत्तर ग्रॅमने कमी झालं.

मेसच्या काट्यावर वजन भरलं ८१० ग्रॅम. पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सव्वाअठ्ठ्याहत्तर इंच, म्हणजे दोन मीटरला जरा कमी. क्षेत्रफळ ६६३ चौरस इंच. हिशेब केला तर चौरस मीटरला दोन किलोसुद्धा भार नाही. एअरबस ए-३२० ला पूर्ण वजनावर हाच आकडा सहाशेच्या वर जातो.

आता उड्डाण. कॉलेजमागच्या कापणी झालेल्या रानात, मालकाला विचारून. २०२१ च्या ड्रोन नियमांचा सरकारी नकाशा पाहिला, आमची जागा हिरव्या पट्ट्यात आहे याची खात्री केली आणि प्राचार्यांचं पत्र घेतलं. पहिल्या दिवशी नुसतं हातातून समोर सोडायचं, गवतावर. सोडलं. विमान वर गेलं, मंदावलं, खाली सुळकलं, वेग आला, पुन्हा वर, पुन्हा खाली. पोरं ओरडली, “दारू प्यायलंय!” मी मात्र स्तब्ध. हा तर फ्युगॉइड! आम्ही ओरलसाठी पाठ केलेली व्याख्या. लँचेस्टरने १९०८ च्या पुस्तकात या हेलकाव्याला हे नाव दिलं. त्याला ‘उड्डाण’ या अर्थाचा ग्रीक शब्द हवा होता आणि त्याने चुकून ‘पळून जाणं’ या अर्थाचा उचलला. सूत्र सोपं आहे: वेगाला गुरुत्वीय त्वरणाने भागायचं आणि ४.४४ ने गुणायचं. सेकंदाला साडेसात मीटर वेग धरला तर एक हेलकावा ३.४ सेकंदांचा. लहान उडीत एक-दोन हेलकावेच मिळतात, पण पुढे उंचीवरून मुद्दाम एलिव्हेटर ओढून सोडला आणि रूममेटने मोबाइलवर वेळ लावला. पाच हेलकाव्यांना सतरा सेकंद आणि थोडं वर. माझ्या आयुष्यात सूत्रातून निघालेलं उत्तर पहिल्यांदाच आकाशात दिसलं. जर्नलमधल्या रीडिंग्ज आम्ही कशा ‘काढतो’ हे सरांना माहीत आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

उंची मिळवायला हाय-स्टार्ट. तीस मीटर रबरी नळी आणि पुढे एकशेवीस मीटर दोरी. नळी सर्जिकलच्या दुकानातली. दुकानदाराला वाटलं सलाइनसाठी हवी आहे, तीस मीटर म्हटल्यावर त्याने मला नीट निरखून पाहिलं. एक टोक खुंटीला, दुसरं विमानाच्या पोटातल्या हुकाला. मागे चालत जाऊन ताण द्यायचा, भाजीवाल्याच्या लटकत्या काट्यावर अडीच किलो दिसेपर्यंत. मग सोडायचं. पतंगासारखं ते उभं चढतं आणि शंभरेक मीटरवर दोरी आपोआप सुटते. त्यानंतर जी शांतता असते तिला माझ्याकडे शब्द नाही. मोटर नाही, आवाज नाही. हवा काही देत नसेल तर दोन-अडीच मिनिटांत खाली.

देत असेल तर? अकराच्या सुमारास घारी येतात. काळं रान तापतं, गरम हवेचा बुडबुडा सुटतो आणि घार पंख न हलवता त्यात गोल फिरत वर जाते. घारीच्या शेजारी विमान नेऊन तसंच गोल फिरवायचं. एक पंख उगाच उचलल्यासारखा झाला की त्या बाजूला हवा वर चढतेय असं समजायचं आणि तिकडेच वळायचं. माझं सर्वात लांब उड्डाण अकरा मिनिटांचं. त्यातली नऊ मिनिटं एका घारीच्या कृपेने. तिने एकदा मान वळवून विमानाकडे पाहिलं, हे माझ्याशिवाय कुणालाही पटत नाही.

आणि मग आपटलं. पाचव्या उड्डाणात, माझ्याच हातून. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की आपलं आणि त्याचं डावं-उजवं उलटं होतं. साधा नियम आहे: समोरून येताना जो पंख खाली जातोय, स्टिक त्याच बाजूला. तो मी वाचला होता, पण हाताला माहीत नव्हता. सरळ बाभळीत. पंख रबर बँडने बांधलेला असतो तो अशाच वेळेसाठी, तो निसटला म्हणून धड वाचलं. पण डाव्या टोकाचा तुकडा सांध्यापाशी तुटला, तीन बरगड्या गेल्या आणि फिल्ममध्ये काटेच काटे. मी तिथेच बांधावर बसून रडले. चाळीस वर्षं माझ्या मामाच्या घरी त्या वस्तूला ओरखडा आला नव्हता आणि माझ्या हातात ती तीन महिने टिकली नाही. रूममेट ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाली नाही. तिने ओढणी पसरून त्यात तुकडे गोळा केले.

रात्री मामाला फोन केला. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग विचारलं, “तुकडे सगळे आणलेस ना?”

“आणले.”

“मग जोड की.”

जोडलं. आठ दिवस लागले. आता डाव्या टोकाला लाल पट्टा आहे, कारण पिवळी फिल्म संपली होती. वजन बारा ग्रॅमने वाढलं, ते दुसऱ्या टोकाला थोडं शिसं लावून सारखं केलं. जोडताना पंखाचं हे कोपरं मला इतकं पाठ झालं की आता डोळे मिटून बांधीन.

जानेवारीत मामा-मामी आले. मामाने विमान मांडीवर घेऊन बोटांनी तपासलं, प्रत्येक बरगडी, लाल पट्टासुद्धा. मी वर पाठवलं. मामा आकाशाकडे बघत राहिला. मामी “ते बघा, त्या ढगाच्या डावीकडे” करत होती. तो बराच वेळ शोधत राहिला आणि हळूच म्हणाला, “मला नाही दिसत गं.” काचबिंदूने बाजूची नजर जाते. मधली राहते, पण मोठ्या आकाशात एवढीशी वस्तू शोधायला बाजूची नजरच लागते. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी ते खाली आणलं आणि त्याच्या डोक्यावरून, घराच्या उंचीवरून गोल फिरवलं. दोनदा. ग्लायडर जवळून गेलं की पंखांवरून हवेचा सळसळ आवाज येतो. मामा एकदम हसला. “अगं, याला आवाज असतो होय!”

खोक्यावर हे कुठे छापलेलं नव्हतं. त्या दिवशी मला आनंद झाला असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर राग जास्त आला. कुणावर ते कळत नाही. मामावर तर नाहीच. त्या ‘जपून’वर असेल.

आता आपल्या कॉलेजकडे येते, कारण हा लेख मी मामासाठी लिहिलेला नाही. आपल्या फ्लुइड मेकॅनिक्स लॅबच्या कोपऱ्यात एक विंड टनेल आहे. त्यावर निळं प्लॅस्टिकचं कव्हर आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी. मी तीन वर्षांत ते एकदाच सुरू झालेलं पाहिलं, कमिटी आली होती त्या दिवशी. कव्हर निघालं, पंखा फिरला, कमिटीने मान डोलावली, कव्हर परत चढलं. लॅबचे सर चांगले आहेत, ते म्हणतात बिघडलं तर दुरुस्तीला बजेट नाही, जबाबदारी माझी. ही अडचण खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण मग ते टनेल आणि मामाची फळी यांत फरक काय? टनेल धूळ खातंय तोवर त्याची बेअरिंग्ज ‘जपली’ जात नाहीत, अडकताहेत. आमच्या पुढच्या तीन बॅचेस चोक्सी-मोक्सी रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून उतरवून पास होतील आणि टनेल कोरं करकरीत भंगारात जाईल.

आणि योगायोग बघा. माझ्या ग्लायडरच्या पंखाची सरासरी रुंदी २१५ मिलिमीटर. टनेलचा आतला चौकोन तीनशे बाय तीनशे. ग्लायडरचा वेग सेकंदाला साडेसात मीटर, टनेलला तो सहज जमतो. म्हणजे मोठ्या विमानाचं छोटं मॉडेल करून रेनॉल्ड्स नंबर जुळवायची जी कटकट असते ती इथे नाहीच. खऱ्या मापाचा पंख, खरा वेग, रेनॉल्ड्स नंबर एक लाखाच्या आसपास. भिंती जवळ असल्याने मोठ्या कोनांवर दुरुस्ती करून आकडे घ्यावे लागतील, तेवढं आम्ही शिकू. वॉशआउट किती हवा, जास्त शिसं बरं की कमी, या प्रश्नांवर आमची मेसमध्ये रोज भांडणं होतात. त्यांची उत्तरं त्या निळ्या कव्हरखाली आहेत.

तुटलेल्या तीन बरगड्यांपैकी एक अखंड निघाली होती. तिच्यावरून मी टनेलच्या मापाचा पंखाचा तुकडा बनवून ठेवलाय, फिल्मसकट. सरांनी किल्ली दिली तर रजिस्टरमध्ये जबाबदारीची सही मी करीन, बेअरिंगला तेल सुतारकाका घालायला तयार आहेत. शुक्रवारी दुपारी दोन ते पाच आमच्या बॅचला प्रॅक्टिकल नसतं.